सदर आवाज

शैलाताई गेल्याचं मला बांद्याच्या बाजारात कळलं. सहा दिवस त्या गोव्याच्या इस्पितळात होत्या. माझे यजमान दिगंबर, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, त्यांच्या उशाशी बसून होते आणि मी सकाळच्या गाडीने धुतलेले कपडे आणि पेजेचे तांदूळ न्यायला परतले होते. दुकानात उभी असताना दिगंबरांचा फोन आला. एरवी ते फोनवर ओरडून बोलतात, पलीकडच्याला ऐकू जाणार नाही अशी त्यांना कायम शंका असते. त्या दिवशी हळू बोलले. “सुजाता, ताय गेली.” मी विचारलं, कधी? ते म्हणाले, आत्ताच. दुकानदार तांदळाची पिशवी पुढे करत होता आणि ती घ्यायची की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं.

त्याला आता सात आठवडे झाले. घरी माणसं येतात, बसतात, चहा घेतात, आणि उठता उठता बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात : त्या आवाजाचं पुढे काय झालं? वर्तमानपत्रांतून त्या वेळी ‘अभिनेत्रीच्या आवाजाची नक्कल करणारी निवृत्त शिक्षिका’ असं छापून आलं होतं. शेवट काय झाला, हे कुणी छापलं नाही. ते तसं नव्हतं, एवढं सांगून मी प्रत्येकाला वाटेला लावू शकते. पण ते अगदीच तसं नव्हतं असंही म्हणता येत नाही. शिवाय त्या प्रकरणात माझाही एक भाग आहे, तो घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. शैलाताई असत्या तर म्हणाल्या असत्या, लिहायचंच असेल तर सगळं लिही. म्हणून सगळं लिहिते.

मी खारेपाटणची. लग्न होऊन बांद्याजवळच्या या घरात आले तेव्हा शैलाताई तिशीच्या होत्या आणि घर त्यांच्या शब्दावर चालत होतं. वडील लवकर गेले, भावंडांची शिक्षणं त्यांनी केली, स्वतःचं लग्न राहून गेलं. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहिली नेमणूक आरोंद्याला, खाडीकाठच्या दोनखोली शाळेत. तिथून फिरत फिरत शेवटची पंधरा वर्षं घराजवळ. त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला होता, किंचित खरखरीत. वाक्याच्या शेवटाकडे तो उतरत जायचा, पण शेवटचं अक्षर कधी गिळलं जायचं नाही. वर्गात त्या ओरडत नसत. मुलंच गप्प व्हायची, कारण गप्प झाल्याशिवाय ऐकू येत नसे. मला मात्र पहिली काही वर्षं त्या आवाजाचा धाक वाटायचा. “सुजाता” एवढंच त्यांनी आतून म्हटलं तरी आपलं काय चुकलं ते मी शोधायला लागायची. आमचं भांडण कधी झालं नाही आणि गूळपीठही कधी जमलं नाही. मी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत तीस वर्षं दस्त नोंदवले, त्यांनी तेवढीच वर्षं मुलांना वाचायला शिकवलं. एका घरात राहून दोघी आपापल्या कागदांत गुंतलेल्या होतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी टीव्हीवर एक मालिका सुरू झाली. त्यात आईचं काम करणारी अभिनेत्री पुढे खूप मोठी झाली. तिचं नाव इथे लिहीत नाही, ते आता वाचकांना कळलंही असेल. मालिकेच्या पहिल्याच आठवड्यात चौथीतल्या मुली शैलाताईंना म्हणाल्या, बाई, काल टीव्हीत एक बाई अगदी तुमच्यासारखी बोलत होती. ताईंनी ते घरी येऊन हसत हसत सांगितलं. तुम्ही तिच्यासारख्या बोलता, असं मुली म्हणाल्या नव्हत्या. हा फरक तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आला नाही. पुढे ती बाई घराघरांत पोचली आणि वाक्य उलटं झालं. बँकेत, एसटीच्या खिडकीवर, फोनवर अनोळखी माणसं ताईंना म्हणू लागली, तुमचा आवाज अगदी त्यांच्यासारखा आहे हो. ताई ‘हो का’ म्हणत आणि कामाचं बोलत. ताई त्या अभिनेत्रीपेक्षा चांगल्या दहा-बारा वर्षांनी मोठ्या होत्या.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला. फोनमध्ये बसणारी एक मदतनीस ते बनवत होते. मराठीत विचारा, ती मराठीत सांगणार : अर्ज कुठे भरायचा, आंब्याच्या मोहोरावर काय फवारायचं, गोळी जेवणाआधी की नंतर. तिच्यासाठी त्यांना घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा आवाज हवा होता. कुणी नाव सुचवलं असं ताईंनी विचारलं, तेव्हा ‘तुमच्याबद्दल ऐकलं’ एवढंच उत्तर मिळालं. तेवढं त्यांना पुरलं. आयुष्यभर मुलांकडून स्पष्ट वाचून घेतलं, त्याची कुणीतरी दखल घेतली, असं त्यांना वाटलं आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. कुडाळच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये भिंतींना गाद्या लावून आठ दिवस ध्वनिमुद्रण चाललं. मुग्धा नावाची तरुण मुलगी यंत्रावर बसायची. ताईंनी ते आठ दिवस सोलकढी सोडली, कोमट पाणी प्यायल्या, आणि दिलेल्या वाक्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून मुग्धाच्या हाती दिल्या. संध्याकाळी घरी येऊन त्या दिवसभरातली वाक्यं आम्हाला म्हणून दाखवत. दिगंबर त्यांना मुद्दाम वेडेवाकडे प्रश्न विचारत आणि त्या तितक्याच गंभीरपणे उत्तरं देत. त्यांना इतकं खुशीत मी त्याआधी क्वचितच पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी ती मदतनीस लोकांच्या फोनमध्ये आली. एका सकाळी आम्ही दोघी बांद्याला गेलो असताना बँकेच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ फोनला विचारत होते, हयातीचा दाखला कोणत्या टेबलावर द्यायचा. आणि शैलाताई त्यांना सावकाश समजावून सांगत होत्या. खऱ्या शैलाताई माझ्या शेजारी कोकमांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पूर्ण उत्तर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ह्या मी कधी वाचलंयच नाय गो.” यंत्र त्यांच्या आवाजातून हवं ते वाक्य तयार करतं हे मुग्धाने त्यांना सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि कानाने ऐकणं वेगळं.

वर्ष उलटायच्या आत नोटीस आली. ती कंपनीला होती, पण तिची प्रत ताईंच्या नावानेही आली. अभिनेत्रीचं म्हणणं असं, की कंपनीने आधी आपल्यालाच विचारलं होतं, आपण नकार दिला, आणि मग कंपनीने मुद्दाम आपल्यासारखा आवाज शोधून आणला. लोकांना ती मदतनीस आपणच आहोत असं वाटतं. आपला आवाज ही आपली ओळख आहे आणि ती आपल्या परवानगीशिवाय वापरली गेली आहे... दोन दिवसांत बातम्या आल्या, चौथ्या दिवशी कॅमेरा घेऊन माणसं आमच्या खळ्यात. ‘एक वाक्य बोलून दाखवा’ असं त्यांनी ताईंना सांगितलं. ताई आत निघून गेल्या. मग फोन सुरू झाले. ‘हॅलो’ म्हटलं की पलीकडे कुणीतरी हसायचं, कुणी मालिकेतला संवाद म्हणायला सांगायचं, कुणी शिव्या घालायचं. गावात दोन तट पडले. ताईंचे जुने विद्यार्थी खवळले होते. काही जणांना मात्र एवढ्या मोठ्या बाईच्या वाट्याला कशाला जायचं असं वाटत होतं, आणि ते आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत होते.

ताई फोन उचलेनाशा झाल्या. महिन्याभरात माझ्या ध्यानात आलं, की त्या दुकानातही बोलत नाहीत. बरण्यांकडे बोट दाखवून सामान मागतात. ज्या बाईने तालुक्यातल्या निम्म्या माणसांना वाचायला शिकवलं ती बाई तोंड मिटून, हाताच्या बोटांनी ‘अर्धा’ असं दाखवत होती.

मग कंपनीचे वकील आले. सभ्य माणूस होता, चप्पल पायरीखाली काढून पडवीत बसला. त्याने प्रतिज्ञापत्राचा मसुदा आणला होता. ताईंनी चष्मा लावून तो शब्दन् शब्द वाचला, आणि चौथ्या कलमावर थांबल्या. ‘मला कोणीही, कधीही, सदर अभिनेत्रीसारखे बोलण्यास सांगितलेले नाही.’ त्यांनी विचारलं, हे कलम काढता येईल का? वकील म्हणाले, सगळं त्या कलमावरच उभं आहे. तेव्हा ताईंनी सांगितलं, की पाचव्या दिवशी एक वाक्य त्यांच्या तोंडून कोरडं येत होतं, तर मुग्धा म्हणाली होती, ‘मालिकेतली ती आई म्हणेल तसं, थोडं हसून म्हणा ना.’ वकिलांनी उघडलेलं पेन मिटलं. ताईंना नीट आठवत नसेल, इतके महिने झालेत, असं ते फार मऊ आवाजात म्हणाले. ताई म्हणाल्या, “मला नीट आठवतंय. आणि मी तसं एकदा म्हटलं होतं, हेही आठवतंय.”

परवा कुडाळला नोटरीकडे या, असं सांगून वकील गेले. ते दोन दिवस या घरात कसे गेले ते सांगणं मला अवघड आहे, कारण ते मीच अवघड केले. मी तीस वर्षं दस्त पाहिलेत. कागदावर आलेलं तेवढंच पुढे खरं धरतात आणि न आलेल्याबद्दल कुणी विचारत नाही, हे मला माहीत होतं. मी ताईंना समजावलं, मग विनवलं, आणि दुसऱ्या दिवशी आवाज चढवला. मुलगी सहज एक वाक्य बोलून गेली, त्यावर तुमचं सगळं काम पाण्यात घालणार का? तुमचा आवाज बंद झाला तर त्या अभिनेत्रीचंच खरं ठरेल, आणि नकलाकार हे नाव जन्मभर चिकटेल. “ताई, लिहिलंय वकिलांनी, तुम्ही खोटं काही लिहीतच नाही,” मी म्हटलं. “एक वाक्य फक्त गाळताय.”

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “चौथीच्या पोरान वळ गाळली तर मी तेका पान परत लिवूक लावी. आता मीच गाळू?”

मी रागाने उठून गेले. सांगायला लाज वाटते, पण त्या रात्रीपासून सकाळपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

सकाळी त्यांनी स्वतः मुग्धाला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते. ताईंचं बोलणं थोडंच होतं, हूं, हूं, आणि शेवटी ‘रडू नकोस, बाळा, तू तुझं काम केलंस.’ फोन ठेवून त्या परसात गेल्या आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढून पुन्हा दोरीवर घालत राहिल्या. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी सांगितलं. नोटिशीतली गोष्ट खरी होती. कंपनीने आधी अभिनेत्रीला विचारलं होतं. ती नाही म्हणाली, त्यानंतर कुणीतरी ताईंच्या निरोप समारंभाच्या भाषणाचा तुकडा ऐकवला. ताईंच्याच शाळेतल्या कुणी तो गमतीने ‘ओळखा पाहू, आवाज कुणाचा’ असं लिहून फोनवरून फिरवला होता. तिथून त्यांनी ताईंना शोधलं.

“माका वाटला, माझा वाचणा बरा म्हणान घेतल्यानी,” ताई म्हणाल्या. मला वाटतं, नोटिशीने नाही, बातम्यांनी नाही, त्या एका गोष्टीने त्यांचं मन मोडलं. आवाज त्यांचा होता, जन्मापासूनचा, आरोंद्याच्या खाडीकाठी पहिल्यांदा वर्गात घुमला तेव्हा ती अभिनेत्री शाळेत जाणारी मुलगी असेल... पण तो निवडला गेला तो दुसरीचा म्हणून.

नोटरीकडे त्यांनी चौथ्या कलमावर सरळ रेघ मारली आणि बाजूला स्वतःच्या हाताने लिहिलं : ‘हा माझा जन्मजात आवाज असून मी तो कोणाचाही घेतलेला नाही. मात्र ध्वनिमुद्रणाच्या पाचव्या दिवशी मला मालिकेतील आईसारखे म्हणण्यास सांगण्यात आले व मी तसे एकदा म्हटले.’ खाली सही. वकिलांनी कागद घेतला, वाचला, आणि आमचा निरोप न घेता गाडीत जाऊन बसले. पंधरा दिवसांत मदतनिसाचा आवाज बदलला. आता एक तरुण मुलगी बोलते. गावात लोक म्हणाले, बाईंनी स्वतःच्या हाताने स्वतःचं केलं. मीही मनात तेच म्हणत होते.

प्रकरण एवढ्यावर मिटेल असं वाटलं होतं. पण महिन्याभराने अभिनेत्रीच्या वकिलांकडून दुसरा मसुदा आला, थेट ताईंच्या नावाने. प्रतिज्ञापत्राची प्रत नोटिशीला उत्तर म्हणून ताईंनी तिकडेही पाठवली होती. तुमच्या प्रांजळपणाची आमच्या अशिलांना कदर आहे, अशी सुरुवात होती. पुढे होतं, की शैलाताई यापुढे ‘सदर आवाज अथवा त्याच्याशी साधर्म्य असलेला कोणताही आवाज’ कोणत्याही व्यावसायिक अथवा सार्वजनिक कारणासाठी वापरणार नाहीत. सही केली की त्यांच्याविरुद्ध काही उरणार नाही. ताईंनी ते मला वाचायला दिलं. मग विचारलं, “ह्यो सदर आवाज म्हंजे कोणाचो गो?”

तीस वर्षं मी तो शब्द हजारो वेळा लिहिला होता, सदर मिळकत, सदर इसम. सावंतवाडीच्या एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, नामवंत माणसाची ओळख त्याच्या परवानगीशिवाय वापरू नये हे बरोबर. आणि माणसाचा जन्माचा आवाज कुणी काढून घेऊ शकत नाही, हेही बरोबर. या दोन्हींच्या मध्ये तुम्ही उभ्या आहात, तिथे अजून रस्ता झालेला नाही. लढायला वर्षं जातील. सही करून टाकलीत तर बरं. ‘सार्वजनिक’ या शब्दात काय काय येतं, असं ताईंनी विचारलं. वाचनालयात मुलांना गोष्ट वाचून दाखवणं? देवळातल्या सप्ताहात बोलणं? ते म्हणाले, कुणी ताणायचं म्हटलं तर सगळंच येईल.

“सही मी करूचंय नाय,” त्या घरी येऊन म्हणाल्या. दिगंबर चिडले होते, कोर्टात खेचू दे, आम्हीही जुने विद्यार्थी उभे करू, म्हणत होते. मी या वेळी काहीच बोलले नाही. उत्तरासाठी दिलेली मुदत जवळ येत होती. टपालवाल्याची सायकल कुंपणाच्या बेड्याशी थांबली की आम्ही तिघंही हातातलं काम टाकून बाहेर बघायचो.

मुदतीच्या तीन दिवस आधी, दुपारी, फोन वाजला. अनोळखी क्रमांक होता. दिगंबरांनी उचलला आणि वळून ताईंकडे पाहिलं. त्यांनी फोन ताईंपुढे धरला, आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला. अभिनेत्री स्वतः बोलत होती. मी दाराशी उभी होते. तोंडाकडे पाहिलं नाही तर कोण बोलतंय ते मला पहिली दोन मिनिटं सांगता आलं नसतं. तोच खालचा सूर, तीच खरखर, वाक्याचा शेवट तसाच उतरणारा. ताई तिच्याशी शाळेतलं मराठी बोलत होत्या, त्यामुळे तर आणखीच.

ती म्हणाली, वकिलांना न सांगता फोन केलाय. तुमचं प्रतिज्ञापत्र मी वाचलं. ते वाक्य तुम्ही लिहायलाच हवं होतं असं नव्हतं. ताई म्हणाल्या, लिहायलाच हवं होतं. मग तिने वडिलांचं सांगितलं. त्यांना वर्षभरापासून काही आठवत नाही. सांभाळणाऱ्या बाईने करमणूक म्हणून ती मदतनीस त्यांच्या हातात दिली. ते तिला मुलगी समजून बोलू लागले, दिवसभर.

“एकदा मी घरात शिरले,” ती म्हणाली, “तर ते फोनला विचारत होते, जेवलीस का गं? आणि फोन म्हणाला, मला जेवणाची गरज नसते, मी तुमची काय मदत करू? त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी समोर बसले होते, तरी.”

“ते मी कधी म्हटलेलं नाही,” ताई म्हणाल्या.

“माहीत आहे. मीही नाही.”

बाहेर कुणाच्या तरी काजूच्या बागेत कोयता चालल्याचा आवाज येत होता. मग ताईच बोलल्या, अगदी सावकाश, वर्गात फळ्याकडे वळण्याआधी बोलायच्या तशा. “तुमच्या जागी मला कुणी बसवलं, तर मला कळताक्षणी मी उठेन. उठलेच आहे. पण माझ्या जागेवरून मी उठणार नाही. मला लहान मुलांना वाचून दाखवायचं असतं.”

वडिलांना नमस्कार सांगा, असं ताई म्हणाल्या आणि फोन संपला. आठवड्याने नवा मसुदा आला. त्यात ते कलम नव्हतं. कंपनीने ताईंचं ध्वनिमुद्रण आहे त्या आवाजात वापरू नये एवढंच होतं, आणि त्यावर कंपनीचं आणि अभिनेत्रीचं आपसांत मिटलं. मी कागद तीन वेळा वाचला. सदर हा शब्द त्यात कुठेही नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ताई दुकानात गेल्या आणि अर्धा किलो गूळ तोंडाने मागितला. दुकानदाराने घरी येऊन ते दिगंबरांना सांगितलं. वाचनालयात शनिवारी पुन्हा मुलं जमू लागली. माझ्याशीही त्या जास्त बोलायला लागल्या होत्या, कधी स्वयंपाकघरात पाटावर बसून आरोंद्याच्या शाळेचं सांगायच्या. त्या दोन दिवसांबद्दल, मी आवाज चढवला त्याबद्दल, मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ते आज म्हणू, उद्या म्हणू करत राहिलं. लावणीचे दिवस आले. नको म्हणत असताना त्या शेतात उतरल्या, पायाला कापल्याचं कुणाला बोलल्या नाहीत, आणि ताप आला तो उतरलाच नाही. लेप्टो, डॉक्टर म्हणाले. इस्पितळात शेवटच्या सकाळी मी निघताना वाकले. आता म्हणावं असं मनात होतं... नाकाला प्राणवायूची नळी होती. त्यांनी हाताने मला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, “दिगू काल जेवलो नाय. तेका बघ.” आवाज फार बारीक झाला होता. शेवटचं अक्षर मात्र गिळलं नाही.

मागच्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. सांत्वनाच्या दोन ओळी, आणि सोबत वारसांनी भरायचा संमतीचा नमुना. ध्वनिमुद्रण अजून त्यांच्याकडे आहे आणि नव्या मदतनिसासाठी ते त्यांना वापरायचं आहे. वारस म्हणजे दिगंबर. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने त्यांना माणसं दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. गेली चार वर्षं ताई त्यांना सकाळी पडवीत बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आता ते काम माझ्याकडे आलं आहे. ताईंचा आवाज आमच्याकडे फारसा उरलेला नाही. निरोप समारंभाच्या त्या तुकड्याला हात लावायला दिगंबर तयार नाहीत. एका लग्नाच्या चित्रफितीत बँडच्या आवाजाखाली त्या काहीतरी म्हणतात, आणि फोनवर दोन निरोप आहेत, त्यातला एक ‘येताना कोथिंबीर आण’ असा. दिगंबर तो दिवसातून अनेकदा लावतात. म्हणून पत्र आल्याचं कळताच त्यांनी पेन मागितलं. “वाच,” म्हणाले, “आणि सही खंय ती दाखय.”

मी वाचत गेले. सहाव्या कलमापाशी थांबले. त्यात लिहिलं होतं, की अन्य कोणत्याही व्यक्तीशी साधर्म्य राहणार नाही इतपत बदल दिवंगत व्यक्तीच्या आवाजात करण्यास वारसांची संमती आहे. पेन त्यांच्या हातात होतं, चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी थोडं तेज आलं होतं. मी सहावरून सातवर गेले असते तर त्यांना कळलं नसतं. सही झाली असती, आणि बहीण म्हणून काहीतरी त्यांच्या कानावर पडलं असतं... त्यांना ते हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही हवं होतं.

“थांबलंस कित्याक?” त्यांनी विचारलं.

मी सहावं कलम वाचलं. त्यांनी परत वाचायला सांगितलं. परत वाचलं. ते अंगणाकडे वळून बसले. मग म्हणाले, “म्हंजे तिचो म्हणान दुसरोच आवाज देतले,” आणि पेन माझ्या हातात परत दिलं. मी कागदाची घडी घालून पाकिटात ठेवली. ते पाकीट अजून कपाटात तसंच आहे.

त्या दिवशीचं वर्तमानपत्र वाचायचं राहिलं होतं. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. माझा आवाज चिरका आहे, लांबलचक जोडशब्दांवर अडखळतो. दिगंबर डोळे मिटून ऐकत होते. पाचव्या पानावर निधनवार्ता होत्या. मी तो रकाना सोडून पान उलटायला गेले, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“ता पण वाच,” ते म्हणाले.

मी वाचलं. एकेक नाव, गावासकट.